अनावश्यक झाडोरा

परवा सकाळी मागच्या नळाखाली बादली लावली आणि सहज कुंपणाकडे पाहिलं, तर रुईच्या पानावर अळी. अंगभर काळे, पांढरे, पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या दोऱ्यांसारख्या शिंगांच्या तीन जोड्या, आणि पानाच्या कडेने चाललेलं एकाग्र खाणं. बादली भरून वाहायला लागली तरी मी तिथेच उभी. खरं तर आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी राग आला. तीन वर्षांपूर्वीचा, आणि अजून जसाच्या तसा. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

मी धुळ्याला देवपुरात राहते. एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे कॉलनीत लहानथोर सगळे मला बाईच म्हणतात. मुलगी जळगावला, पिंप्राळ्यात. घरी मी, माझी पुस्तकं आणि मागचं हातभर अंगण. अंगणाच्या कुंपणाला लागून कॉलनीची मोकळी जागा आहे. तिथे तेव्हा रुई होती, टाकळा होता, तेरडा होता, कुणी न लावलेलं आणि कुणी न उपटलेलं असं बरंच काही होतं. रुईचं एक मोठं झुडूप निम्मं त्या जागेत आणि निम्मं माझ्या कुंपणावर रेललेलं.

आमच्याकडचा भाद्रपद फार फसवा. पाऊस आहे म्हणावं तर चटका लावणारं ऊन, ऊन आहे म्हणून गच्चीवर मूग वाळत घालावेत तर दुपारून एक सर येऊन सगळं भिजवून जाते. पांझरा नदीचं पाणी गढूळ वाहत असतं. भिंतींना ओल असते, कपड्यांना कुबट वास असतो, आणि हवेत सगळीकडे काहीतरी वाढत असल्याचा वास असतो. त्या वर्षीच्या भाद्रपदाला मात्र माझ्या आठवणीत आणखी एक वास आहे. तो नंतर सांगते.

समोरच्या घरात सिंधूअक्का राहायला आल्या त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. मूळच्या पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांचे यजमान आबा गेले, गावातलं घर बंद झालं आणि मुलाने त्यांना इथे आणलं. सत्तरी गाठलेली, हाताची बोटं जाडजूड, नजर मात्र सुईत दोरा एका फटक्यात ओवणारी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कॉलनीतल्या बायकांना त्यांची अहिराणी ऐकून हसू यायचं, म्हणून अक्का फारसं बोलायच्या नाहीत. दुपारी ओट्यावर गोधडी घेऊन बसायच्या. एके दिवशी मी सहज जाऊन शेजारी बसले, तर त्यांनी काही न विचारता माझ्या हातात सुई दिली.

मी मुलांच्या वह्या तपासण्यात आयुष्य घालवलेली बाई. माझे टाके पाहून अक्कांनी तोंड वाकडं केलं. "उसवा," एवढंच म्हणाल्या. मी उसवले. पुन्हा घातले. पुन्हा "उसवा." चौथ्यांदा त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली. इतक्या वर्षांत मी किती मुलांना लाल शाईने 'पुन्हा लिही' म्हटलं असेल, त्यातल्या एकालाही माझ्यासारखं बरं वाटलं नसेल.

अळी दाखवली ती अक्कांनीच. माझ्याकडे कोथिंबीर मागायला आल्या होत्या. मागच्या दाराने जाता जाता रुईपाशी थांबल्या.

"बाई, हाई देखा."

मी पाहिलं आणि अंगावर काटा आला. कागदाचा तुकडा घेऊन तिला उचलून टाकायला निघाले, तर अक्कांनी माझं मनगट धरलं.

"कसाले? पोट भरी ऱ्हायनी ती. खाऊ द्या तिले."

दरवर्षी पाचवीच्या मुलांकडून मी 'फुलपाखरू' या विषयावर निबंध लिहून घेत असे. रंगीबेरंगी पंख, या फुलावरून त्या फुलावर, वगैरे. फुलपाखराची अळी अशी दिसते हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याची लाजही वाटलेली नव्हती. अक्कांना मात्र बांधावरच्या प्रत्येक झाडावर कोण राहतं ते ठाऊक होतं. रुईच्या पानाचा चीक विषारी. ही पोरगी आधी पानाची शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते, मग जेवायला बसते. तेच विष अंगात साठवते, म्हणून पाखरं तिला खात नाहीत. हे सगळं अक्कांनी मला गावातल्या एखाद्या हुशार सुनेबद्दल सांगावं तसं सांगितलं.

मग आमचा रोजचा नेम झाला. सकाळी रुई बघायची, दुपारी गोधडी शिवायची. पानांच्या पाठीमागे मोहरीपेक्षा लहान अंडी सापडली. एका अळीने दोन दिवसांत पानाचं नुसतं देठ ठेवलं. एक जण नळाच्या पाइपावर जाऊन उलटी लटकली आणि दुसऱ्या दिवशी तिथे फिकट हिरवा कोष होता, त्यावर सोनेरी ठिपक्यांची ओळ. अक्का कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आठे सोनं कोनी लायं, बाई?"

मी चष्मा लावून ते ठिपके मोजायला लागले.

त्याच दुपारी त्यांनी शिवत आणलेली गोधडी बाजूला ठेवली आणि नवी धरली. जुन्या लुगड्याचं अस्तर अंथरलं आणि त्यावर लावायला चौकोन करायला घेतले. प्रत्येक चौकोनात आम्ही पाहिलेली एकेक गोष्ट. आबांच्या धोतराचं पांढरं, जुन्या परकराचं काळं, टेलरकडून आणलेल्या चिंध्यांतून वेचून काढलेलं पिवळं. अशा बोटभर पट्ट्या जोडून त्यांनी अळी केली, आणि ती खरंच चालते आहे असं वाटलं. एक चौकोन नुसत्या कुरतडलेल्या पानाचा. एक अंड्याचा, हिरव्यावर एकच पांढरा टाका. माझ्या वाट्याला कोष आला होता. ते ठिपके घालण्यासाठी मी माझ्या लग्नातल्या शालूची जर उसवली. अक्कांनी तो चौकोन हातात घेतला, उलटा करून पाहिला, आणि या वेळी 'उसवा' म्हणाल्या नाहीत.

आता नानांबद्दल. नाना म्हणजे आमच्या कॉलनी समितीचे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी, पांढरे कपडे, कामाचा दांडगा उरक. माणूस दुष्ट नाही. असता तर मला सोपं गेलं असतं. दर शनिवारी पहाटे येऊन ते याच रुईची पानं मारुतीच्या माळेसाठी तोडून न्यायचे. झाडाला हात लावण्याआधी नमस्कार करायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्या वर्षी एका संस्थेने शहरातल्या कॉलन्यांसाठी सुंदर वसाहतीची स्पर्धा ठेवली. नानांच्या अंगात वारं शिरलं. स्पर्धेत फुलपाखरू उद्यानाला वेगळे गुण होते. समितीची बैठक झाली, मी सदस्य असूनही गेले नाही, कारण त्या दिवशी कोष उघडेल असं आम्हाला वाटत होतं. संध्याकाळी नाना ठरावाचा कागद घेऊन घरी आले.

"बाई, तुमची सही तेवढी राहिली. आणि जरा शुद्धलेखन बघून घ्या. तुमच्यासारखं मराठी इथे कुणाचं?"

मी खूश झाले. चष्मा लावला. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. तिसऱ्या कलमात त्यांनी लिहिलं होतं, 'मोकळ्या जागेतली फालतू झाडंझुडपं काढून टाकणे व औषध फवारणे.' मला ते 'फालतू' फार गावठी वाटलं. मी ते खोडून लिहिलं, 'अनावश्यक झाडोरा'. वाक्य कसं भारदस्त झालं म्हणून मनाशी हसलेसुद्धा. आणि खाली सही केली. कुठली मोकळी जागा, कुठली झाडंझुडपं, कसलं औषध, यातलं काहीही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी फक्त भाषा वाचली.

दोनच दिवसांनी मुलीकडे जळगावला गेले आणि एक रात्र राहून परतले. रिक्षातून उतरले तेव्हाच तो वास आला. घसा धरणारा, गोडसर, जळक्या रबरासारखा. मागे धावले. मोकळी जागा हजामत केल्यासारखी साफ झाली होती. रुई बुंध्यापासून तोडून बाजूला टाकलेली, माझ्या कुंपणावरच्या फांद्यांसकट. पानांवर औषध चमकत होतं. खाली अळ्या. काही वळवळत होत्या, काही नाही. पाइपावरचा कोष काळा पडला होता.

पाठीवर पंप घेतलेला एक माणूस कोपऱ्यात शेवटचे फवारे मारत होता. तोंडाला नुसता रुमाल, पायात स्लीपर. मी त्याच्यावर तुटून पडले. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'डोळे फुटले होते का' हे त्यातलं सगळ्यात सौम्य. तो बिचारा नळी खाली धरून उभा राहिला. "मला साहेबांनी सांगितलं, बाई," एवढंच म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते, ते रडून नाही, औषधाने.

मागून अक्का आल्या. त्यांच्या हातात चाळणी होती. दुपारपासून त्या पाल्यातून जिवंत अळ्या वेचत होत्या.

"त्याले कसाले बोली ऱ्हायनात तुम्ही?" त्या म्हणाल्या. "त्यानी काय चूक शे? त्याले सांगं ते तो करस. कागद कोनी लिखा ते इचारा."

आणि मग मला सांगावं लागलं. दुसरा कुणी सांगण्याआधी मीच सांगितलं की कागदावर माझीही सही आहे. शब्द तर माझाच आहे. अक्कांना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी चाळणी खाली ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना खरंच काही उमगत नव्हतं.

"पन बाई, तुमले वाचता येस ना?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी याहून कठीण प्रश्न विचारलेला नाही.

चाळणीत एकच अळी जिवंत होती. तिला मी पांझरेकाठची रुई शोधून ताजी पानं आणून दिली. तिने तोंड लावलं नाही. संध्याकाळी ती गेली.

पुढच्या आठवड्यात त्या जागेवर सिमेंटचे ठोकळे बसवले गेले. कुंड्या आल्या, कुंड्यांत नर्सरीतून आणलेली, ज्यांच्यावर कुणी अंडं घालणार नाही अशी फुलं आली. आणि ज्या ठिकाणी रुई होती तिथून चार पावलांवर फायबरचे दोन अवाढव्य पंख उभे राहिले. मधोमध उभं राहून फोटो काढायचा, म्हणजे आपण फुलपाखरू. वर पाटी: 'फुलपाखरू उद्यान'. मी ती पाटी वाचली आणि मला हसूही आलं नाही. मनात आलं, हे लोक वेडे आहेत का मी वेडी आहे? जे मारलं त्याचंच चित्र लावायचं आणि त्याच्यासमोर उभं राहून दात काढायचे. त्यातही पंखांचा रंग, नंतर पुस्तकात पाहिलं तर, हुबेहूब आमच्या अळीच्या फुलपाखराचा होता, केशरी, काळ्या कडांचा.

आणि एवढ्यावर भागलं नाही. नाना अक्कांकडे आले. अक्कांच्या सुनेने कुणाला तरी गोधडीचे फोटो दाखवले होते.

"अक्का, परीक्षकांचा सत्कार शाल देऊन सगळेच करतात. आपण तुमची ती फुलपाखरांची गोधडी देऊ. विषयाला धरून होईल."

मी तिथेच बसले होते. सुई माझ्या बोटात घुसली. अक्कांनी मात्र टाका पुरा केला, दोरा दाताने तोडला आणि शांतपणे विचारलं, "सायेबले हिव लागी ऱ्हायनं का?"

"म्हणजे?"

मी म्हटलं, "नाना, त्या विचारतायत, साहेबांना थंडी वाजते आहे का?"

"थंडी? नाही, नाही, अक्का, हे सन्मानासाठी. तुमचं नाव घेऊ माइकवरून."

"मंग नही," अक्का म्हणाल्या. "गोधडी हिव लागनं म्हणजे देतस. आनि नाना, तुम्ही बठ्ठ्या मारी टाक्यात. आते त्यासनं चित्र मांगतस?"

सगळ्या मारून आता त्यांचंच चित्र मागता, हे नानांना कळलं असणारच, तेही खानदेशातलेच. पण ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही जरा समजावा यांना." मी बोटावरचं रक्त पुसलं. बोलायचं ते मी दुसरीकडे बोलणार होते.

कारण परीक्षकांच्या सत्काराच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मराठी चांगलं ना! परीक्षक आले, दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या. मी माइक हातात घेतला. म्हटलं, "या उद्यानाच्या जागी महिन्यापूर्वी रुई होती. तिच्यावर फुलपाखरांच्या अळ्या होत्या, अंडी होती, कोष होते. आम्ही औषध मारून ते सगळं मारलं. तसा ठराव केला होता. ठरावावर माझी सही आहे. तुम्ही गुण देताना हे लक्षात घ्यावं, म्हणून सांगितलं."

नाना हसून पटकन उठले. "बाई साहित्यिक आहेत, भावुक होतात," म्हणाले, आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या! परीक्षकांनी भाषणात माझा खास उल्लेख केला. म्हणाले, अशा संवेदनशील निवेदनामुळे कार्यक्रमाची उंची वाढली. मग निकाल लागला. आमच्या कॉलनीला पहिलं बक्षीस मिळालं.

मला वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी घडतं. शाळेत मी हेच शिकवलं होतं. खरं बोलल्यावर लोक संतापतील, वाद होईल, मला समितीतून काढतील, अशी सगळी तयारी मी करून गेले होते. त्यांनी माझ्या खऱ्या बोलण्याला दाद दिली आणि चहा प्यायला गेले. त्या दिवसापासून मला गोड बोलणाऱ्यांचा जितका राग येतो तितका भांडणाऱ्यांचा येत नाही. समितीचा राजीनामा मीच दिला. तो त्यांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' म्हणून मंजूर केला. मी तसं लिहिलं नव्हतं.

अक्का आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मी जाऊन ओट्यावर बसले. बऱ्याच वेळाने सुई पुढे आली. आम्ही गोधडी पुरी केली. शेवटचा चौकोन फुलपाखराचा करायचा होता, तो अक्कांनी केला नाही. "आपन देखं नही ते कसं करू?" म्हणाल्या. तिथे त्यांनी साधं निळं कापड लावलं. हिवाळ्यात ती गोधडी अक्कांच्या नातवाच्या अंगावर गेली. त्याने तिच्यावर दूध सांडलं, खेळणी ओढली, एकदा आजारपणात ओकलाही. ती धुतली जाते, कठड्यावर वाळत पडते. अळीचे पट्टे आता फिकट झालेत.

रुईचं मूळ मात्र खोल असतं. ठोकळ्यांच्या आणि माझ्या कुंपणाच्या फटीतून ती दुसऱ्याच वर्षी वर आली. गेल्या वर्षी कमरेइतकी झाली. आणि परवा तिच्यावर अळी दिसली. अक्कांना हाक मारली, त्या आल्या, वाकून पानं उलटी करून मोजू लागल्या. पाच होत्या.

काल सकाळी पंपवाला आला. दुसराच कुणीतरी. सोबत नाना.

मी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली, मागच्या फाटकातून बाहेर गेले आणि रुईला पाठ लावून बसले.

"बाई, हे काय? डेंग्यूचे पेशंट निघालेत. फवारणी गरजेची आहे."

"गटारात मारा. टाक्यांत पाणी साचलंय तिथे मारा. तुमच्या या कुंड्यांखालच्या ताटल्यांत डास झालेत, त्या आधी रिकाम्या करा. रुईवर डास होत नाहीत."

"एका झाडासाठी तुम्ही सगळ्या कॉलनीचं आरोग्य…"

"नाना, दर शनिवारी तुम्ही माळ कुठून आणता हल्ली?"

"बाजारातून," म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, "उठा बाई. शोभत नाही तुम्हाला हे."

"नाही उठणार."

शोभत नाही! मला तीन वर्षांपूर्वी शोभलं होतं ते काय होतं मग? आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या होत्या. एका गॅलरीतून कुणीतरी मोबाइल धरला होता. समोरून अक्का येताना दिसल्या. मागून त्यांचा मुलगा, "अक्का, घरात चल, लोकं देखी ऱ्हायनात," म्हणत होता. अक्कांनी ऐकलं नाही. काखेत कापडांचं गाठोडं होतं. ते त्यांनी माझ्या खुर्चीशेजारी ठोकळ्यांवर टाकलं, गुडघ्यावर हात टेकून त्यावर बसल्या, आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

"अक्का, तुम्हीसुद्धा?" नाना म्हणाले. "किती वेळ बसणार आहात?"

"तुमनं औषध सरस तवलोंग."

औषध संपेपर्यंत, असं अक्कांनी सांगितल्यावर पंपवाल्याने एकदा नानांकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि पाठीवरचा पंप काढून खाली ठेवला. नाना कुणाला तरी फोन लावत फायबरच्या पंखांमागून निघून गेले. पंपवाला पंप उचलून गटाराकडे वळला. ऊन वर आलं. अक्कांनी गाठोड्यातून पिवळ्या कापडाचा एक तुकडा काढून माझ्या मांडीवर टाकला. आम्ही जेवणाची वेळ टळून गेली तरी उठलो नाही.